टायटल लिहिलं एक, गुगलमध्ये दिसतं भलतंच

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार प्रणालीवर, आहे. कांदा-लसूण मसाल्याच्या पानाला तुम्ही जे टायटल दिलंत ते रोमन लिपीत: 'कांदा लसूण मसाला ऑनलाइन', मग उभी रेघ, 'बेस्ट कोल्हापुरी मसाला', पुन्हा उभी रेघ, 'बाय नाऊ', आणि शेवटी दुकानाचं नाव. गुगलवर मात्र नुसतं 'कांदा-लसूण मसाला' दिसतं, तेही देवनागरीत. मुखपृष्ठाच्या जागी तर फक्त 'होम' एवढंच येतं. तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही पानांची टायटलं बदललीत, तरी तिकडे ढिम्म. आता तुम्ही विचारताय, गुगलने शिक्षा केली का, आपलंच टायटल दाखवायला भाग पाडणारं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) कोणतं, आणि यामुळे आपला नंबर खाली जाईल का.

शिक्षा वगैरे काही नाही. तसलं प्लगइन अस्तित्वात नाही. कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. नंबरचं पुढे सांगतो. पण मला विचाराल तर अडचण वेगळीच आहे. तुमचं पान स्वतःबद्दल चार ठिकाणी चार गोष्टी सांगतंय, आणि त्यातली कोणती खरी मानायची हे गुगलला ठरवावं लागतंय. तुम्हाला वाटतं टायटल टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये आपण लिहितो ते नाव, हा हुकूम. गुगलच्या लेखी ती शिफारस आहे. वजनदार आहे, पण शिफारसच.

निकालात जी ठळक ओळ दिसते, जिच्यावर आपण क्लिक करतो, तिला गुगल 'टायटल लिंक' म्हणतं. टायटल टॅग आणि टायटल लिंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. पहिली तुमच्या हातात, दुसरी गुगलच्या. आणि हे आजकालचं नाही. मी या धंद्यात आलो तेव्हा गुगल कधीकधी 'डीमॉझ' नावाच्या डिरेक्टरीतून साइटचं नाव उचलायचं. माणसांनी हाताने भरलेली ती यादी होती. तिथे कुणा स्वयंसेवकाने तुमच्या दुकानाचं वर्णन जसं लिहिलं असेल तसं निकालात यायचं. ते नको असेल तर पानावर एक खास टॅग टाकावा लागे. डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद पडली आणि तो प्रकार संपला. आज टायटलसाठी असा 'नको' म्हणणारा टॅगही नाही. खालच्या वर्णनाच्या ओळी दाखवू नका असं गुगलला सांगता येतं, टायटलच्या बाबतीत नाही.

मोठी खळबळ झाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. गुगलने टायटल ठरवायची पद्धत बदलली आणि आठवडाभर माझा फोन वाजत होता. एका ग्राहकाच्या पानाचं नाव चक्क फोटोखालच्या ओळीतून उचललेलं. सुरुवातीला गुगलने सांगितलं होतं की ८० टक्क्यांहून जास्त वेळा आम्ही टायटल टॅगच वापरतो. आरडाओरडा झाल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांनी सुधारणा केली आणि आकडा सुमारे ८७ टक्के झाल्याचं जाहीर केलं. याच बदलात आणखी एक गोष्ट झाली, ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. आधी शोधणारा काय टाइप करतो त्यानुसार एकाच पानाचं टायटल बदलू शकायचं. नव्या पद्धतीत पानाचं एकच नाव ठरवतात आणि सहसा तेच सगळ्यांना दिसतं. म्हणून 'माझ्या फोनवर वेगळं दिसतं, मुलाच्या फोनवर वेगळं' अशी तक्रार आता क्वचितच येते. आली तरी बहुतेकदा प्रकार एवढाच असतो की लहान स्क्रीनवर ओळ वेगळ्या जागी तुटते.

गुगल हे नाव कुठून आणतं? आधी टायटल टॅग बघतं. मग पानावर दिसणारं मुख्य शीर्षक, म्हणजे सहसा एच-वन. मग बाकीचे हेडिंग टॅग, मोठ्या अक्षरांतला ठळक मजकूर, ओजी टायटल (लिंक शेअर केल्यावर दिसणारं नाव), आणि इतर पानांनी तुमच्या पानाला लिंक देताना वापरलेले शब्द. टायटल टॅग पटला तर तोच राहतो. अर्धवट असेल, जुना असेल, सगळ्या पानांवर तोच असेल, कीवर्ड ठासून भरलेला असेल किंवा पानाशी जुळत नसेल, तर बाकीच्यांकडे वळतं.

आता तुमच्या मसाल्याच्या पानाकडे. इथे एक कारण मला जवळजवळ नक्की वाटतं, ते म्हणजे लिपी. जून २०२२ मध्ये गुगलने जाहीर केलं की टायटल एका भाषेत किंवा लिपीत आणि पान दुसऱ्या लिपीत असेल, तर आम्ही पानाच्या लिपीशी जुळणारं नाव शोधू. त्यांनी उदाहरणही आपल्या जवळचंच दिलं होतं: हिंदी गाण्याचं पान देवनागरीत आणि टायटल रोमन अक्षरांत. तुमचं पान तंतोतंत तसं आहे. मजकूर अख्खा मराठीत, एच-वन मराठीत, साहित्याची यादी मराठीत, आणि वर टायटल रोमनमध्ये. गुगलने एच-वन उचललं. खरं सांगू का, मला ते तुमच्या टायटलपेक्षा बरं वाटलं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचं माणूस 'कांदा-लसूण मसाला' वाचून जेवढं पटकन थांबेल तेवढं 'बेस्ट' आणि 'बाय नाऊ' वाचून थांबणार नाही.

तुम्ही रोमन का निवडलंत हेही मला कळतं. लोक शोधताना रोमनमध्येच टाइप करतात, सगळेच करतात, मीही करतो. मग टायटल देवनागरी केलं तर ती मंडळी हातची जातील ही भीती खोटी नाही. माझा अनुभव असा की पान चांगलं असेल तर रोमनमध्ये शोधणाऱ्यांनाही मराठी पानं दिसतात. तरी मी दोन ठिकाणी रोमन रूप ठेवतो: पानाच्या पत्त्यात आणि मजकुरात एखाद्या वाक्यात, सहज आल्यासारखं. टायटलमध्ये नाही. मात्र हे तुमचं गिऱ्हाईक कोण यावर ठरतं. ऑर्डरी मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद किंवा परदेशातून, मराठी वाचता न येणाऱ्यांकडून येत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळं इंग्रजी पान करा, वरपासून खालपर्यंत इंग्रजी. एकाच पानाच्या डोक्यावर इंग्रजी टोपी आणि खाली मराठी धोतर असं नको. दोन्ही प्रकारचं गिऱ्हाईक असेल तर दोन पानं, आणि ती एकमेकांना जोडलेली.

मी असतो तर टायटल असं लिहिलं असतं: 'घरगुती कांदा-लसूण मसाला, संकेश्वरी मिरचीचा' आणि पुढे दुकानाचं नाव. (तुम्ही ब्याडगी वापरत असाल तर ब्याडगी लिहा. मिरचीचं नाव वाचून ठरवणारं गिऱ्हाईक खूप आहे.) एच-वन ठेवलं असतं 'घरगुती कांदा-लसूण मसाला'. दोन्ही अगदी एकसारखे असायची गरज नाही, पण एकाच वस्तूबद्दल बोलतायत हे दिसलं पाहिजे.

लांबीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रश्नात 'प्लगइन लाल दाखवतं' असं आलंय म्हणून सांगतो. टायटल टॅग किती लांब असावा यावर गुगलने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. निकालात तो स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे तुटतो, इतकंच. साठ अक्षरांचा जो नियम सगळीकडे फिरतो तो इंग्रजी अक्षरांच्या रुंदीवरून काढलेला अंदाज आहे. देवनागरीला तो लावला की गंमत होते. 'कांदा-लसूण मसाला' हे घ्या. आपण आठ अक्षरं मोजतो. अक्षरं मोजणारं प्लगइन सोळा सांगतं, कारण त्याच्या हिशोबात काना वेगळा, अनुस्वार वेगळा, उकार वेगळा, मधली आडवी रेघ आणि मोकळी जागाही वेगळी. 'स्त्री' हे एक अक्षर त्याला सहा वाटतं, 'विठ्ठल'सुद्धा सहा. आणि यातल्या कित्येक खुणांना आडवी जागा लागतच नाही. उकार खाली जातो, मात्रा वर बसते. म्हणून मराठी टायटलला लाल पट्टी दिसली तर घाबरून शब्द छाटत बसू नका. निकालात प्रत्यक्ष कसं दिसतं ते फोनवर बघा आणि महत्त्वाचे शब्द आधी ठेवा, म्हणजे तुटलं तरी शेपूट तुटेल.

देवनागरीचा आणखी एक घोळ सांगतो. तुमच्याकडे तो नसेलही, पण मसाल्याच्या यादीत 'सुक्या खोबऱ्याची चटणी' असेल तर उपयोगी पडेल. एका गिर्यारोहकाची साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. महिनाभराने त्याचा फोन आला: 'अहो, गुगल माझ्या सह्याद्रीत समुद्र दाखवतंय.' त्याच्या पानाचं नाव होतं 'सह्याद्रीतल्या दऱ्या' आणि निकालात आलं होतं 'सह्याद्रीतल्या दर्या'. अर्थाचा अनर्थ! पानावरचं शीर्षक बरोबर, टायटल टॅग मात्र बिघडलेला. झालं असं होतं की त्याने 'दऱ्या'मधला अर्धा र जुन्या पद्धतीने टाइप केला होता: र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. माहिती हलवणाऱ्या प्रोग्रामने टायटलं 'साफ' करताना न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकली. जोडचिन्ह गेलं, रफार झाला, दऱ्यांचा दर्या झाला. यात गुगलचा काही दोष नव्हता, त्याने जे मिळालं ते दाखवलं. उपाय सोपा: खाली टिंब असलेला 'ऱ' वापरून टाइप करा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र. त्यात न दिसणारं काही नसतं, त्यामुळे ते गळत नाही. आचाऱ्यांचे आचार्य होऊ नयेत असं वाटत असेल तर ही सवय लावून घ्याच.

आता मुखपृष्ठावरच्या 'होम'बद्दल. हा नेहमीचाच रोग. वर्डप्रेसमध्ये पान बनवताना त्याला 'होम' नाव दिलं जातं, म्हणजे आपल्याला यादीत सापडावं म्हणून. प्लगइनच्या साच्यात 'पानाचं नाव, रेघ, साइटचं नाव' असं भरलेलं असतं, की तयार झालं 'होम' आणि पुढे दुकानाचं नाव. पुढचं नाव गुगल बऱ्याचदा गाळतं, कारण ऑक्टोबर २०२२ पासून मोबाइलवर, आणि नंतर संगणकावरही, साइटचं नाव टायटलच्या वर वेगळ्या ओळीत छोट्या चिन्हासोबत दिसायला लागलंय. वर नाव आहे तर खाली पुन्हा कशाला, असा हिशोब. उरलं काय? होम.

तुम्ही म्हणता की टायटल बदललं. मान्य, पण ते पानापर्यंत पोहोचलं का ते तपासा. मुखपृष्ठ संगणकावर उघडा, कंट्रोल-यू दाबा, आतला मजकूर दिसेल. त्यात टायटल शोधा. चित्रचिन्हांच्या आतही छोटे टायटल टॅग असतात, 'फेसबुक', 'मेनू' असे काहीतरी. त्यांना बघून दचकू नका. वरच्या भागात, हेडच्या आत किती आहेत ते मोजा. एकच हवा. दोन असतील तर एक साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमने टाकलेला आणि एक प्लगइनने. जुन्या थीममध्ये टायटल थेट फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असायचं. २०१४ च्या शेवटी आलेल्या ४.१ आवृत्तीपासून ते काम वर्डप्रेसवरच सोपवता येतं. तुमची थीम कुणी त्याआधी करून दिली असेल तर हे आधी बघा. आणि एच-वन काय आहे तेही बघा. मला रोज भेटणारं उत्तर: 'आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत आहे'. नाहीतर एच-वनमध्ये नुसतं लोगोचं चित्र, शब्द एकही नाही. अशा पानावर गुगलने काय उचलावं?

साइटचं नाव कसं दिसावं हे सांगायची सोय आहे. मुखपृष्ठावर वेबसाइट प्रकाराचा स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे गुगलसाठी ठरावीक साच्यात लिहिलेली माहिती, असतो, त्यात नाव आणि पर्यायी नाव भरता येतं. बहुतेक एसईओ (साइट शोधात नीट दिसावी म्हणूनच्या) प्लगइनमध्ये त्याची जागा असते. हे फक्त मुखपृष्ठावर आणि पूर्ण डोमेन किंवा सबडोमेनसाठी चालतं, आतल्या फोल्डरसाठी नाही. नाव छोटं ठेवा. 'अमुक गृहउद्योग आणि मसाले व पापड केंद्र, स्थापना…' असली अख्खी पाटी तिथे टाकू नका.

तीन आठवडे झाले तरी बदल नाही, याचं उत्तर सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात मिळेल. पानाचा पत्ता वरच्या तपासणीच्या पट्टीत टाका. शेवटचं क्रॉल कधी झालं, म्हणजे गुगलने येऊन पान शेवटचं कधी वाचलं, ती तारीख दिसेल. तुम्ही बदल केला त्याआधीची तारीख असेल, तर गुगलने तुमचं नवं टायटल अजून बघितलेलंच नाही. पुन्हा इंडेक्स करायची, म्हणजे पान नव्याने नोंदवून घ्यायची, विनंती पाठवा आणि थांबा. काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. छोट्या साइटकडे गुगल रोज फिरकत नाही. तारीख नंतरची असेल तर 'क्रॉल केलेलं पान' उघडा. गुगलच्या हाती नेमकं काय पडलं ते तिथे दिसतं, तुमच्या ब्राउझरमध्ये दिसतं ते नाही. गेल्या वर्षी माझ्याच एका कामात असं झालं: आम्ही टायटल बदललं, आम्हाला नवं दिसतंय, ग्राहकाला नवं दिसतंय, आणि गुगलला मिळत होती सर्व्हरच्या कॅशमधली (वेळ वाचावा म्हणून साठवून ठेवलेली) महिनाभराची शिळी प्रत. लॉगिन केलेल्यांना ताजं पान, पाहुण्यांना शिळं. दोन दिवस मी भलतीकडेच शोधत होतो. तेव्हापासून मी पहिलं काम कॅश रिकामी करण्याचं करतो, आणि मग खासगी विंडोत लॉगिन न करता पान उघडून बघतो.

नंबरबद्दल. निकालात दिसणारं नाव बदललं म्हणून क्रम घसरत नाही. हा बदल फक्त दाखवण्यापुरता आहे, रँकिंगशी त्याचा संबंध नाही, हे गुगलच्या जॉन म्युलर यांनी २०२१ मध्येच स्पष्ट केलं होतं. फरक पडू शकतो तो क्लिकवर. तो मोजायचा तर कन्सोलच्या परफॉर्मन्स विभागात त्या एका पानाचे बदलाआधीचे आणि नंतरचे २८ दिवस शेजारी ठेवा. पण तुमच्या धंद्यात सावध राहा. मसाला करायचा हंगाम उन्हाळ्याचा, मिरच्या वाळवायला ऊन लागतं. एप्रिलचे आकडे जूनशी ताडून बघितलेत तर टायटलमुळे धंदा बसला असं वाटेल, आणि खरं कारण पाऊस असेल. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा.

व्हॉट्सअ‍ॅपचंही बघा, कारण तुमच्या निम्म्या ऑर्डरी तिथूनच येत असणार. लिंक पाठवल्यावर जी चौकट उघडते तिच्यातलं नाव ओजी टायटलमधून येतं. तिथे जुनं काही राहिलं असेल तर तेही बदला. तिथे भाषा थोडी सैल चालते, नात्यातल्या बायका एकमेकींना पाठवतात ते. पण वस्तूचं नाव तेच ठेवा, कारण गुगलही ते टायटल वाचतं.

तुमची साइट मी स्वतः बघितलेली नाही, तुमच्या सांगण्यावरून बोलतोय, त्यामुळे वरचं काही तुमच्याकडे लागू नसेल. तुमच्या जागी असतो तर आज संध्याकाळी मी आधी कॅश रिकामी केली असती, मग मुखपृष्ठाचं 'होम' आणि स्वागताचं एच-वन असेल तर तेही काढून 'कोल्हापुरी घरगुती मसाले आणि चटण्या' अशासारखं काहीतरी लिहिलं असतं, मसाल्याच्या पानाचं टायटल देवनागरीत केलं असतं, आणि दोन्ही पानांसाठी इंडेक्सची विनंती टाकली असती. तासाभराचं काम आहे. पंधरा दिवसांनी क्रॉलची तारीख बघा. तारीख नवी आणि नाव तरीही 'होम'च असेल, तर पानाच्या हेडमधला मजकूर जसाच्या तसा इथे टाका, मी बघून सांगतो. आणि मसाल्याच्या पानाला गुगल नुसतं 'कांदा-लसूण मसाला' दाखवत राहिलं, तर त्याच्या मागे लागू नका. तेवढं ठीक आहे.